तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॉग लिहून सिनेटर पडतो का?

अमेरिकेच्या राजकारणावर लिहिणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो: पुरोगामी ब्लॉगांनी तिथे बदललं तरी काय? नुसती तोंडपाटीलकीच ना?

तोंडपाटीलकी भरपूर होती. पण राजकारण हललं ते कारकुनी कामामुळे.

डिसेंबर 2006 मध्ये बुश सरकारने सात केंद्रीय सरकारी वकिलांना एकाच दिवशी घरी पाठवलं. मार्च 2007 मध्ये न्याय खात्याने त्यासंबंधीच्या कागदपत्रांची सुमारे 3,000 पानं रात्री उशिरा संसदीय समितीकडे ढकलली. एवढा गठ्ठा रातोरात वाचणार कोण? जोश मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ या पुरोगामी ब्लॉगने ते काम वाचकांनाच वाटून दिलं: एक फाइल उचला, चाळा, सापडेल ते पान क्रमांकासकट कळवा. हकालपट्टीच्या आधीच्या 18 दिवसांचे ईमेल जवळजवळ नाहीतच, हे वाचकांच्याच नजरेत आलं. प्रकरण पेटत गेलं आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅटर्नी जनरल गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला. तो एकट्या ब्लॉगमुळे, असं मात्र म्हणू नका.

दुसरं काम पैशाचं. 2004 मध्ये ‘अ‍ॅक्टब्लू’ आलं, म्हणजे डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी ऑनलाइन देणग्या गोळा करणारं संकेतस्थळ. आवडत्या उमेदवारांची यादी करायची, लिंक लेखाखाली डकवायची. वाचक कार्डावरून 25 डॉलर देतो, 3.95 टक्के कापून बाकीचे उमेदवाराच्या खात्यात. रिपब्लिकनांना तोडीस तोड ‘विनरेड’ उभं करायला 2019 उजाडलं.

आता सिनेटर. तिकडे तिकिटासाठी श्रेष्ठींकडे खेटे घालावे लागत नाहीत. प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, मतदारच उमेदवार ठरवतात. इराक युद्धाचे समर्थक असलेले डेमोक्रॅटिक सिनेटर जो लीबरमन यांच्याविरुद्ध ब्लॉगवाल्यांनी त्यांच्या कनेक्टिकट राज्यात नेड लॅमाँट यांची पाठराखण केली. 8 ऑगस्ट 2006 ला लॅमाँट 52–48 ने जिंकले. पण तिथल्या प्रायमरीत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार मत देतात, आणि हरलेल्याला अपक्ष उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन मतं लीबरमनकडे वळली: त्यांना सुमारे 50 टक्के, लॅमाँटना 40, खुद्द रिपब्लिकन उमेदवाराला जेमतेम 10. त्यामुळे लिंक डकवण्याआधी त्या राज्याचे हे दोन नियम बघायचे.

म्हणजे लीबरमन सिनेटर राहिलेच. पुढे 2009 मध्ये आरोग्यविम्याच्या विधेयकाला सिनेटमध्ये 60 मतं लागत होती. आपलं एक मत अडवून धरत सरकारी विम्याचा पर्याय काढायला लावला, तो याच लीबरमननी.