मोठ्या बॅटरीची भीती, छोट्या बॅटरीचा छळ

न्यूझीलंडहून बेळगावला सुट्टीवर गेलं आणि माझ्याकडं हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी आहे असं कुणाला सांगितलं की प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात. पहिला, चार्जिंग कुठं करतोस? दुसरा, बॅटरी गेली तर किती लाखाला बसते? तिसरा प्रश्न येतच नाही. दुसऱ्याचं उत्तर ऐकायच्या आधीच समोरचा ‘नको रे बाबा ती भानगड’ म्हणून मोकळा झालेला असतो.

टिळकवाडीतल्या आमच्या मामांनी मात्र मागच्या वर्षी हायब्रिड घेतली, शोरूममधून नवी कोरी. तेव्हापासून मी घरचा बिनपगारी सर्व्हिस सेंटर झालोय. न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं, इथल्या उन्हाळ्यात साडेसात. मामा सकाळी सहाला गाडी काढतात, कानाला काही वेगळं लागलं की थांबतात, आणि इकडं माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन वाजतो. ‘अरे, आवाज येऊलालाय बघ.’ कसला आवाज, तर फोन बॉनेटवर धरून ऐकवणार.

मी राहतो हॅमिल्टनला, ऑकलंडच्या दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर. हा देशही आपल्यासारखाच डावीकडून चालणारा, आणि जपानही तसाच, त्यामुळं जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या जहाजं भरभरून इथं येतात. टोयोटाची प्रियस तिथं डिसेंबर १९९७ मध्ये आली, म्हणजे हायब्रिड हे जपानी लोकांना पाव शतकाहून जुनं प्रकरण. इथं त्या जुन्या गाड्या टॅक्सीवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांकडं दिसतात. माझीही तशीच, सेकंडहँड, दहा वर्षांहून जुनी. बटण दाबलं की एक जपानी बाई गोड आवाजात टोलचं कार्ड घातलेलं नाही म्हणून सांगते. इथं त्या कार्डाचा उपयोग शून्य, पण बाई रोज सांगते. रेडिओचंही तसंच. जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि जुन्या सेटवर ९० ला संपतो, त्यामुळं त्याच्या वरची इथली स्टेशनं वेगळा डबा जोडल्याशिवाय लागत नाहीत. याला कुणी फॉल्ट म्हणणार असेल तर म्हणो. मला त्या बाईची सवय झालीय.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चार्जिंग कुठंच नाही. प्लगवाली हायब्रिड वेगळी, ही साधी. पेट्रोल भरायचं आणि चालवायची. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्राचं काम करते आणि जी ताकद एरवी ब्रेकच्या पॅडमध्ये गरम होऊन वाया गेली असती, ती बॅटरीत जाते. गरज पडली तर इंजिनही बॅटरी भरतं.

दुसऱ्या प्रश्नातली ती मोठी बॅटरी, जिच्या भीतीनं लोक शोरूमच्या पायऱ्या चढत नाहीत, तिच्यावर भारतात टोयोटासारख्या कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. माझ्या गाडीची वॉरंटी कधीच संपली, तरी बॅटरी मूळचीच आहे. गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, म्हणून ती टिकते. जाईल तेव्हा जाईल. तिच्यापायी रस्त्यावर उभं राहायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

उभं केलं ते दुसऱ्या बॅटरीनं.

हायब्रिडला दोन बॅटऱ्या असतात हे विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. दुसरी म्हणजे साधी १२ व्होल्टची, आपल्या जुन्या गाडीत असते तीच, फक्त अंगानं बारीक. तिचं काम एवढंच की कॉम्प्युटर जागा करायचा आणि मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा विजेचा खटका, ओढायचा. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरचं. गोम इथंच आहे. आपल्या जुन्या गाडीची बॅटरी मरायला लागली की आठवडाभर आधी कळतं, सकाळी स्टार्टर घर्र घर्र करत कण्हतो. हायब्रिडच्या छोट्या बॅटरीला कण्हायला स्टार्टरच नाही. आज सगळं ठीक, उद्या काहीच नाही.

इथल्या जुलैत, म्हणजे ऐन थंडीत, काचेवर बर्फाचा पापुद्रा धरलेल्या एका सकाळी मी बटण दाबलं. डॅशबोर्ड गणपतीच्या मखरासारखा उजळला: ब्रेकचा दिवा, एबीएसचा दिवा, इंजिनचा दिवा, लाल त्रिकोण, सगळे एकदम. फक्त हिरवं ‘रेडी’ येईना. ते आलं नाही तर गाडी हलत नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवे मंद झाले, तिसऱ्यांदा नुसती टिकटिक. बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी पाहिजे. मग मागची सीट पाडून, पोटावर सरकत, मोबाइलचा टॉर्च दातात धरून आतून कुलपाची पट्टी शोधायची. शेजारचे आजोबा ड्रेसिंग गाऊनवर कुत्रं घेऊन निघाले होते. डिकीतून बाहेर आलेले माझे पाय बघून थांबले, म्हणाले, ‘बारा व्होल्ट?’ इथं हा रोग इतका घरोघरचा आहे.

खरं तर डिकीत शिरायची गरज नसते. बहुतेक अशा गाड्यांत बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचं एक टर्मिनल काढून दिलेलं असतं, जम्पर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वीज आणणारी वायर, तिथं लावायचा. काळी वायर इंजिनच्या उघड्या धातूला. कॉम्प्युटर जागा होण्यापुरती वीज मिळाली की ‘रेडी’ येतं आणि पुढचं मोठी बॅटरी बघते. मात्र लाल-काळं उलटं लावू नका. साध्या गाडीत त्यानं फ्यूज जाईल, इथं इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा डबा, जाऊ शकतो, आणि त्याची किंमत ऐकून तो सुरुवातीचा दुसरा प्रश्न पुन्हा वर येईल. हायब्रिडवरून दुसऱ्याची बंद गाडी सुरू करून द्यायचा मोठेपणाही करू नये. माणुसकी दाखवायची तर धक्का मारावा.

आता मामांची गाडी. ते मुलीकडं पुण्याला गेले, महिनाभर राहिले. गाडी टिळकवाडीत पोर्चमध्ये झाकून ठेवलेली. परत आल्यावर रिमोटनं दारच उघडेना. फोनवर पहिलं वाक्य, ‘गेली रे बॅटरी, आठ-दहा लाखाची!’ मी म्हटलं, मामा, रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपलेली असते, ती काढा आणि आधी दार उघडा. मग मामेभावाला पिटाळलं उद्यमबागेत.

उद्यमबागेतली माणसं बेळगावबाहेरच्यांना सांगून कळायची नाहीत. फाउंड्री, हायड्रॉलिक, लेथ यांत हात काळे करून शिकलेले कारागीर. आमचा मिस्त्री वाक्य मराठीत सुरू करतो, कन्नडमध्ये संपवतो आणि मधे स्पॅनर मागतो. हायब्रिड म्हटल्यावर तो आधी दोन पावलं मागंच सरकला. मी व्हिडिओ कॉलवर होतो. त्याला म्हटलं, नारिंगी वेष्टनाची जाड केबल दिसेल तिथं हात लावायचा नाही, ती शेकडो व्होल्टची, ते काम सर्व्हिस सेंटरचं. बाकी सगळं तुमच्या ओळखीचं. त्यानं व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. ११ पेक्षाही खाली. हसला आणि म्हणाला, ‘ओ, बारा व्होल्ट म्हणजे आमचंच काम की.’

शोरूमच्या सर्व्हिसवाल्यांनी फोनवर गाडी टो करून आणा, तपासणीला दोन दिवस लागतील असं सांगितलं होतं. मिस्त्रीनं बॅटरी चार्जला लावली आणि संध्याकाळी गाडी मामींना घेऊन देवळात जाऊन आली. मला त्या सर्व्हिसवाल्यांचाही राग नाही. वॉरंटीतली गाडी आहे, त्यांना कागद सांभाळावे लागतात. पण एवढी महाग गाडी विकताना ‘महिनाभर उभी ठेवणार असाल तर काय करायचं’ हे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे?

ते वाक्य मी सांगतो. बंद असतानाही गाडी किल्लीची चाहूल घेत असते, अलार्म जागा असतो, आणि हे सगळं छोट्या बॅटरीवर. ती भरते फक्त गाडी ‘रेडी’त असताना. नुसतं ॲक्सेसरीवर ठेवून गाणी ऐकत बसलात तर ती रिकामीच होणार. म्हणून आठवड्यातून एकदा कुणाला तरी अर्धा तास ‘रेडी’त ठेवायला सांगायचं, तेही उघड्यावर, कारण इंजिन मनाला येईल तेव्हा सुरू होतं आणि बंद गॅरेजमध्ये तो धूर जीव घेईल. नाहीतर सरळ निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायचं. बाजारात मल्टिमीटर काही शेकड्यात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ दाखवला तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली आला की बदलायच्या तयारीला लागा. बदलताना एक बघायचं: डिकीत किंवा सीटखाली बसणारी बॅटरी बंद जातीचीच पाहिजे, तिचा वायू नळीनं बाहेर काढलेला असतो. स्वस्त मिळाली म्हणून कुठलीही आणून बसवू नये.

मामांच्या बाकीच्या तक्रारींत निम्म्या तक्रारीच नव्हत्या. ‘दुसऱ्या रेल्वे गेटला इंजिन बंद पडतंय बघ रोज.’ मामा, पडत नाही, ती बंद करते. गेटवर मालगाडी जाईपर्यंत शेजारची डिझेल धडधडत असते आणि तुमची गप्प बसते, यासाठीच तर पैसे मोजलेत.

चोर्ल्याच्या घाटातली तक्रार मात्र ऐकण्यासारखी होती. जांबोटी, कणकुंबी करत गोव्याकडं उतरताना मध्येच इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं, पाय तर ॲक्सिलरेटरवर नाही. मामी घाबरल्या. मामांनी कडेला लावून बॉनेट उघडलं, सगळं जागेवर. हिशोब असा आहे. दीड टनाची गाडी घाटमाथ्यावरून सातशे मीटर खाली उतरली तर जवळजवळ तीन युनिट वीज होईल एवढी ऊर्जा सुटते. घरच्या मीटरवरचं युनिट असतं तेच. आणि अशा गाडीची मोठी बॅटरी असते जेमतेम पाऊण-एक युनिटाची, त्यातला अर्धाच भाग वापरात. म्हणजे निम्मा घाट उतरायच्या आत बॅटरी भरली. आता मोटरनं ब्रेक मारायचा तर वीज ठेवायची कुठं? मग गाडी ती वीज इंजिन रिकामं फिरवण्यात घालवते, पेट्रोल न टाकता. आवाज तोच. गिअरच्या दांड्याजवळ ‘बी’ लिहिलेलं असतं ते याच्यासाठी. उतारावर आपणहून ‘बी’त टाका, पायाखालचे ब्रेक गार राहतात. सपाटीवर मात्र ‘बी’त चालवू नका, ॲव्हरेज पडतं. आंबोलीतही हेच.

ब्रेकची गंमत उलटी आहे. मोटरच बहुतेक वेग ओढून घेते, त्यामुळं पॅड झिजता झिजत नाहीत. पण घासलं जात नाही म्हणून डिस्कवर गंज धरतो आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना आखडतात. इथं सरकारी फिटनेस तपासणीत माझी गाडी मागच्या ब्रेकवरच अडली होती, पॅड जवळजवळ नवे असताना. बेळगाव-खानापूरचा पावसाळा म्हणजे जूनपासून कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथं वर्षातून एकदा पिना काढून ग्रीस लावून घ्याच. सकाळी पहिल्या ब्रेकला खर्रर होतं ते गंजाचं, दोन-चार ब्रेकांत जातं.

आणि लाल माती. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून पंखा गाडीतली हवा ओढून मोठी बॅटरी गार करतो. त्या जाळीवर पिशवी ठेवली, किंवा तिच्या फिल्टरमध्ये धूळ बसली, की पंखा घोंघावतो, बॅटरी तापते आणि गाडी मरगळते. माझ्या जाळीतून आधीच्या मालकाच्या मांजराचे केस निघाले. मामांच्या जाळीत काय निघेल ते शेताकडं चार चकरा झाल्या की कळेलच. उन्हाळ्यात एसी लावून ठेवणं हे तिथं माणसाइतकंच बॅटरीसाठी. उंदरांनी वायरी कुरतडणं हाही पावसाळ्यातला प्रकार, पण तो हायब्रिडचा दोष नव्हे.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी सेससकट ४३ होता, आणि इलेक्ट्रिकवर ५. वर कर्नाटकचा रोड टॅक्स. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, त्यामुळं तक्रार कुठल्या तोंडानं करायची, पण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच दम असतो, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. कागदावरचे लिटरला २७.९७ किलोमीटर वगैरे आकडे विसरा. माझी जुनी इथल्या मोजणीनं १०० किलोमीटरला साडेचार-पाच लिटर पिते, म्हणजे आपल्या भाषेत २० ते २२. गावात ॲव्हरेज जास्त, हायवेला कमी, साध्या पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटं.

निपाणीचा आतेभाऊ आता विचारतोय की घेऊ का. त्याचं काम तंबाखूचं, आठवड्यातले पाच दिवस कोल्हापूर-बेळगाव हायवेला शंभरच्या वेगानं. तिथं ना गेट, ना ब्रेक, मोटरला कामच नाही. त्याला सांगितलं, तू डिझेलच ठेव, आणि वहिनींना गावात शाळा-बाजार करायला दुसरी गाडी लागली तर तेव्हा हायब्रिड बघू. सेकंडहँड मिळाली तर फोन कर. आधी रात्रभर न हलवता उभी ठेवायला सांग, सकाळी मल्टिमीटर घेऊन जा, मग मागच्या सीटजवळची जाळी काढून बघ, आणि भाव त्यानंतर विचार.