नवलखी मैदानातला समुद्र : रील आणि दोरी, सात महिन्यांची नोंद

बडोद्यात राहून किनाऱ्यावरून गळ टाकून गरवायचा नाद म्हणजे वर्षातले पाच-सहा दिवस मासे आणि बाकीचे दिवस नुसतं सामान. जवळचं खंभातचं आखात चिखलाचं, भरती-ओहोटी तर अंगावर येणारी. वाळूसाठी वलसाडला उतरून तीथल गाठायचं, नाहीतर मामांकडे गुहागर. विश्वामित्रीवर सराव कर, असं सुचवणारे भेटतात. आधी मगरींना विचारून या म्हणतो. म्हणून माझी फेकाफेक पहाटे नवलखी मैदानात, गळ न लावता, ४ औंसाचं नुसतं शिसं बांधून.

मागच्या नोंदीत ८००० साइजचं रील (दोरी गुंडाळायचं यंत्र) घेतल्याची फुशारकी मारली होती, ती मागे घेतो. बारा फुटी रॉडवर ८५० ग्रॅमचं धूड लावून दोन तास फेकलं की तिसऱ्या तासाला मनगटच गळाला लागतं. आणि आपल्याला लागतात ते ढोमा, शिंगाळा, नशीब असेल तर रावस. त्यांना ५०००-६००० भरपूर. तेही नुसत्या आकड्यावर विसंबून घेऊ नका. पेन कंपनीचं ५००० आणि शिमानो कंपनीचं ५००० शेजारी ठेवून पाहा, एका घरचे वाटत नाहीत. स्पूलवर (रीलमधल्या दोरीच्या रिळावर) किती जाडीची किती मीटर दोरी मावते ते छापलेलं असतं, ते वाचा.

सीलबद्दल, म्हणजे पाणी-वाळू आत शिरू न देणाऱ्या बंदोबस्ताबद्दल, थोडक्यात. तीथलच्या काळ्या वाळूवर माझं रील दोन मिनिटं आडवं पडलं, तेव्हापासून हँडल जात्यासारखं घरघरतंय. नवीन घेतलं ते आयपीएक्स५चं. म्हणजे पाण्याचा झोत सोसेल, लाटेत बुडवून ठेवायचं नाही. घरी आल्यावर ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, सुकलं की ड्रॅग सैल. झालं.

खरी गंमत दोरीत आहे. मामा अजून तंगूसवाले, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीचे, तेही हातानेच. (मामींना ‘ब्रेड’, म्हणजे विणलेली दोरी, म्हटलं की पाव आठवतो.) तंगूस ताणतं, खडकाला घासलं तरी लगेच हार मानत नाही, स्वस्त पडतं. पण ०.४५ मिमीच्या तंगुसाला आडवा प्रवाह पकडतो, दोरीला पोट येतं आणि शिसं सरकत किनाऱ्याला लागतं. तेवढ्याच ताकदीचा ब्रेड ०.२३ मिमीच्या आसपास. पाणी त्याला कमी पकडतं आणि तो ताणत नसल्यामुळे ढोम्याने कोळंबी नुसती हुंगली तरी रॉडच्या टोकाला कळतं. मैदानात दर १० मीटरला रंग बदलणारा ब्रेड वापरतो, म्हणजे टेप लागत नाही, रंग मोजायचे. तंगुसाने पावलं मोजून साठेक मीटर जायचं, ब्रेडने आठ रंग सुटले.

आता फसवणुकीची गोष्ट. इथल्याच एका दुकानातून ‘०.२३ मिमी’ छापलेली दोरी घेतली. हाताला जाड लागली. मायक्रोमीटरमध्ये ब्रेड चेपतो, म्हणून पेन्सिलीला वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली आणि एका सेंटिमीटरमधले वेढे मोजले. ४३ यायला हवे होते, आले २८. म्हणजे ०.३६! दुकानदार म्हणाले, “जाड आहे तर मजबूतच ना, भाई?” आईने तिच्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

गुंत्याचं मात्र आपण बडोदेकरांनी कौतुक सांगू नये. सैल गुंडाळलेल्या फिरकीचं काय होतं ते उत्तरायणात लहान पोरालाही ठाऊक असतं. स्पूलचंही तेच. आधी तंगुसाचे थोडे वेढे, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचा अख्खा गठ्ठा घसरतो. मग ओल्या फडक्यातून चिमटीत ताणून भरायचं आणि काठाच्या दोन मिमी खाली थांबायचं. फेकल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कमान) हँडलने नाही, हाताने पाडायची आणि एकदा दोरी खेचून घ्यायची. हे सुरू केल्यापासून मैदानात कात्री काढावी लागलेली नाही. तर्जनीला पतंगवाली चिकटपट्टी लावाच, ब्रेड मांज्यासारखा कापतो.

पट्टीपेक्षा महत्त्वाचा शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसायला ब्रेडच्या पुढे जोडलेला जाड दोरीचा तुकडा. मी तो ‘मैदानात कशाला’ म्हणून टाळला होता. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी पूर्ण जोर लावला, टण् आवाज झाला आणि रॉड एकदम हलका. शिसं कुठे गेलं दिसलंच नाही. पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. पाच मिनिटं मी तिथेच बसून राहिलो. शेवटी सापडलं ते कुंपणाजवळ, बोटभर मातीत रुतलेलं.

हिशेब सोपा आहे : शिशाच्या दर औंसाला लीडरची १० पौंड ताकद. ४ औंसाला ४० होतात, मी ५० पौंडी तंगूस लावतो. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर स्पूलवर सहा वेढे, म्हणजे साडेआठ मीटर. ब्रेडशी जोड एफजी नावाच्या गाठीची. डबल युनी ही दुसरी गाठ बांधायला सोपी, पण माझी जाड होते आणि टोकाच्या रिंगला ठेचकाळते.

गेल्या भांगेला (मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत) गुहागरला मामांना हे सगळं दाखवलं. त्यांनी एफजी गाठ नखाने चाचपली, लीडर दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे शेवटी तंगूसच की रे!”

त्या दिवशी मला दोन शिंगाळे, त्यांना तीन ढोमे.