आबाजींच्या डबीतल्या गुंजा

आमच्या वावराच्या धुऱ्यावर, झुडपी जंगलाला लागून एक जुनी बोर आहे. तिच्यावर गुंजेची वेल चढलेली. हिवाळ्यात शेंगा तडकतात, पण दाणे लगेच गळत नाहीत. फाकलेल्या टरफलाला चिकटून राहतात, लालभडक, एका टोकाला काळा डोळा.

माझे आबाजी नागभीडकडच्या आमच्या गावात सोनारकाम करायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. देशात ग्रॅम-किलो सक्तीचे झाले १९६२ साली, तरी त्यांची गुंजांची पितळी डबी गल्ल्याशेजारून हलली नाही.

सगळ्या गुंजा वजनाला सारख्याच, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. यंदा वेलीवरच्या ९६ गुंजा न निवडता डिजिटल काट्यावर टाकल्या. भरल्या १०.२ ग्रॅम. तोळा तर ११.६६ ग्रॅमचा! मग आबाजींची डबी काढली. तिच्यात ४१ च उरल्या होत्या. हिशोबानं ४.९८ ग्रॅम भरायला हव्यात, भरल्या ४.९.

तेव्हा आठवलं. दुपारी ओट्यावर बसून आबाजी एका पारड्यात ठरलेली गुंज ठेवत आणि दुसऱ्यात एकेक नवी टाकून बघत. काटा जरा कलला की ती गुंज आमच्या ओंजळीत. तान्ह्या पोळ्याला मातीच्या बैलांना आम्ही जे डोळे लावायचो, ते सगळे या नापास गुंजांचे होते.

आजीचा मात्र सक्त नियम, खेळून झालं की मोजून परत द्यायच्या. "तोंडात घालू नको रे बापा, चावली तं जीव जाते." ती बरोबर होती. अख्खी गिळली तर कडक सालीमुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावलेल्या किंवा भोक पाडलेल्या दाण्यातलं अब्रिन हे विष फार जहाल, त्याला उतारा नाही. घरात लहान मूल असेल तर गुंजांची माळ ठेवूच नका. त्याच वेलीचा पाला मात्र ज्येष्ठमधासारखा गोड. आजी पानाच्या विड्यात घालायची.

धुऱ्यावर तारेचं कुंपण घालायचं ठरलंय. बोर तेवढी राखायला सांगितली आहे.

तोळा पुरा व्हायला अजून ५५ गुंजा हव्यात. काल दीडशे दाणे एकेक करून तोलले, १९ बसले.