मुलीला निवासी शिबिराला पाठवताना: पाहणी, निरोप आणि परतीचा दिवस

मुलीचे नाव नोंदवण्यापूर्वी आम्ही दोघे शिबिराची जागा स्वतः पाहून आलो, मग तिला सोडायला गेलो आणि शिबिर संपल्यावर आणायला गेलो. या येण्याजाण्यात जे पाहिले आणि जे विचारून घेतले, ते आपले मूल पहिल्यांदाच पाठवणाऱ्या पालकांना उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे. मुलगी दहा वर्षांची असून तिला सौम्य दमा आहे, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

माहितीपत्रकात पहाटेच्या शिट्टीपासून रात्रीच्या शेकोटीपर्यंतचा सगळा दिवस तासातासाने मांडलेला असतो, पण दिवे मालवल्यानंतर काय होते याबद्दल सहसा एक ओळही नसते. घरापासून दूर राहिलेल्या मुलाचा कस मात्र नेमका त्याच वेळी लागतो. म्हणून पाहणीला गेल्यावर मैदान आणि चढाईची भिंत आम्ही ओझरती पाहिली आणि बराच वेळ झोपण्याच्या खोल्यांत घालवला. खोलीपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, त्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, दुमजली पलंगाच्या वरच्या बाजूला कठडा आहे का, या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाहीत. व्यवस्थापकांना मी विचारले, की रात्री दोन वाजता मूल रडत उठले तर ते नेमके कोणाला हाक मारणार. त्यांनी ‘आमचे लोक असतातच’ असे मोघम उत्तर दिले नाही. गटाच्या ताई ज्या कोपऱ्यात झोपतात तो पलंग दाखवला, आणि पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक मुलाला तिथपर्यंत अंधारात, टॉर्च हातात देऊन एकदा चालवून आणतात, असेही सांगितले. माझ्या मते शिबिराची पारख करायला हा एक प्रश्न पुरतो.

मुलांमागे मोठी माणसे किती, हेही विचारावे. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांनुसार निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक कार्यकर्ता असावा लागतो. शिबिर कोणत्याही देशातले असो, तुलनेसाठी हे प्रमाण हाताशी असलेले बरे. मात्र सांगितलेल्या आकड्यात स्वयंपाकघरातील माणसे आणि वाहनचालक धरलेले नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. त्याहून महत्त्वाचा नियम असा, की कोणतीही एक मोठी व्यक्ती कोणत्याही एका मुलासोबत बंद दाराआड एकटी नसावी. कार्यकर्त्यांची पूर्वचौकशी कशी होते आणि हा नियम झोपताना, आंघोळीच्या वेळी व दवाखान्याच्या खोलीत कसा पाळला जातो, हे विचारताना अजिबात संकोच करू नये. चांगल्या शिबिराला हे प्रश्न खटकत नाहीत, आणि ज्यांना खटकतात त्यांच्याकडे मूल पाठवू नये. मुलीलाही आम्ही सांगून ठेवले होते, की घरी सांगू नकोस असे कोणी बजावले, मग ती व्यक्ती कोणीही असो, तर तीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायची.

तळ्याकाठी एक लाकडी फळा होता आणि त्यावरच्या खिळ्यांना प्रत्येक मुलाच्या नावाचा बिल्ला अडकवलेला होता. पाण्यात उतरताना मूल आपला बिल्ला उलटा करते आणि बाहेर आल्यावर सरळ करते, त्यामुळे फळ्याकडे नजर टाकताच पाण्यात किती जण आहेत ते कळते. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला असतो. शिट्टी वाजली, की जोड्यांनी हात धरून वर करायचे आणि जीवरक्षक मोजणी करतो. पहिल्या दिवशी सगळ्यांची पोहण्याची चाचणी होते आणि त्यावरून कोणी किती खोलीपर्यंत जायचे हे ठरते, म्हणून अर्जात मुलाचे पोहणे फुगवून लिहू नये. वादळी हवेचा नियमही विचारावा: मेघगर्जना ऐकू येताच सगळे पाण्याबाहेर आणि पक्क्या छपराखाली, आणि शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटे उलटल्याशिवाय पुन्हा पाण्यात कोणीही नाही, हा सर्वमान्य नियम आहे.

सोडायला गेलो त्या दिवशी सर्वाधिक वेळ औषधांच्या टेबलापाशी गेला, आणि तो जायलाच हवा. परिचारिकेने इनहेलरवरचे नाव आणि मुदतीची तारीख वाचली, गोळ्या आमच्यासमोर मोजल्या, आकडा वहीत लिहिला आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. आमच्या पुढच्या पालकांनी गोळ्या सुट्या करून डबीत भरून आणल्या होत्या, त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्यावे लागते. तातडीचा इनहेलर किंवा तीव्र अ‍ॅलर्जीवरचे इंजेक्शन कुलपात राहणार, की सहलीतही मुलाच्या गटाबरोबर फिरणार, हे तिथेच स्पष्ट करून घ्यावे. जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री वाहन तयार असते का, हेही त्याच टेबलावर विचारता येते.

अंथरूण ओले होण्याबद्दल पालक बोलायला कचरतात. दहा वर्षांच्या साधारण पाच टक्के मुलांना हा त्रास असतो, म्हणजे मोठ्या शिबिरात असे मूल एकटे नसतेच. गटाच्या ताई-दादांना आधी सांगितले, तर ते मुलाला झोपण्यापूर्वी आठवण करतात आणि गरज पडल्यास इतर उठायच्या आत चादर बदलतात. लपवून ठेवले, तर मूल रात्रभर भीतीने जागे राहते.

घरच्या आठवणीबद्दल माझे मत ठाम आहे: ‘करमले नाही तर लगेच न्यायला येऊ’ हे वाक्य पालकांनी उच्चारूच नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २००७ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही असा करार न करण्याचा सल्ला आहे, कारण त्यातून मुलाला एवढेच कळते, की आपल्याला हे जमेल असे आई-बाबांनाही वाटत नाही. त्याऐवजी आधीच्या महिन्यांत नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीकडे, आम्ही सोबत नसताना, तिला मुक्कामाला पाठवले. आठवण येणारच, ती सगळ्यांना येते, आणि आली की पत्र लिहायचे किंवा ताईंना सांगायचे, असे ठरवून दिले. निरोपही आटोपशीर ठेवला: पलंगावर चादर घातली, शेजारच्या मुलीशी ओळख करून दिली आणि निघालो. बराच वेळ रेंगाळलेल्या पालकांची मुले अधिक रडताना दिसली.

फोनला बहुतेक शिबिरांत मनाई असते आणि ती योग्यच आहे, मात्र अडचणीच्या वेळी शिबिर आपल्याला किती वेळात आणि कोणत्या क्रमांकावर कळवणार हे लेखी घ्यावे. पत्रांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पहिल्या रात्री रडत लिहिलेले पत्र आपल्या हाती पडते तेव्हा लिहिणारी बहुधा खेळात रमलेली असते. पत्राने जीव खालीवर झालाच, तर शिबिराला फोन करून ‘ती जेवते का, झोपते का, कोणाबरोबर असते’ असे नेमके विचारावे. शिबिराकडून रोज येणारी छायाचित्रे न्याहाळून मुलगी कडेला का उभी आहे याचे तर्क लढवण्यात अर्थ नसतो (आम्हीही ते लढवलेच). आपल्या पत्रात घरी तिच्यावाचून काय काय चालले आहे याची रसभरीत वर्णने टाळावीत.

सामानाबद्दल थोडक्यात: बॅग मुलाकडूनच भरून घ्यावी म्हणजे तिथे वस्तू सापडतात, प्रत्येक कपड्यावर नाव घालावे, आणि बूट नवे असतील तर आधी काही आठवडे वापरून रुळवावेत, कारण पायाला फोड आले, की पुढच्या सगळ्या पायवाटा चुकतात.

आणायला जाल तेव्हा घाई करू नये. सापडलेल्या वस्तूंचा ढीग एकदा उपसावा, दवाखान्याच्या खोलीतून उरलेली औषधे आठवणीने परत घ्यावीत आणि दिलेल्या मात्रांची नोंद वाचून घ्यावी. गाडीत बसल्यावर प्रश्नांची सरबत्ती नको; थकलेले मूल आधी झोपते आणि पुढच्या दिवसांत आपणहून तुकड्यातुकड्याने सांगते. घरी आल्यावर पहिली आंघोळ घालताना केसांत उवा आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते पाहावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी, आणि पुढील काही आठवड्यांत ताप आला किंवा चाव्याभोवती लाल चट्टा पसरू लागला, तर मूल शिबिराहून आले आहे हे सांगून डॉक्टरांना दाखवावे.