सतरावे विधान : एकत्र शिकण्याचा माझा अनुभव

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या रुग्णालयात सहा आठवड्यांचा एक उपक्रम झाला. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी, म्हणजे औषधशास्त्राची पदवी) या चार अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाने एकाच रुग्णाचा मिळून अभ्यास करायचा, असे त्याचे स्वरूप होते. फार्म.डी. हा अभ्यासक्रम भारतात २००८ मध्ये सुरू झाला, तरी ही मुले वॉर्डात नेमकी कशासाठी येतात, हे आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरनाही सांगता येत नव्हते आणि खरे तर मलाही येत नव्हते.

पहिल्या दिवशी एक प्रश्नावली भरून घेतली. पार्सेल आणि ब्लाय यांनी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार केलेली ही १९ विधानांची प्रश्नावली ‘रिपल्स’ या नावाने ओळखली जाते. इतर आरोग्य अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकण्याची आपली किती तयारी आहे, हे तिच्यातून पाहतात आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत खूण करायची असते. सतरावे विधान असे, की परिचारिका आणि थेरपिस्ट यांचे काम मुख्यतः डॉक्टरांना साहाय्य करणे हे आहे. मी त्यापुढे ‘सहमत’ अशी खूण केली. राउंडच्या वेळी फाइल हातात धरून मागे उभे राहायचे, विचारले तरच बीपी सांगायचे आणि ‘ब्रदर’ अशी हाक आली की पुढे व्हायचे, एवढेच दोन वर्षे अंगवळणी पडले असल्यामुळे ते विधान मला अपमानास्पद वाटले नाही, फक्त खरे वाटले. शेजारी बसलेल्या एमबीबीएसच्या मुलाने मात्र ‘असहमत’ लिहिले. पुढे ओळख झाल्यावर त्याने हसत कबूल केले, की कोणते उत्तर अपेक्षित आहे ते त्याने ओळखले होते. प्रश्नावलीच्या गुणांवरून विद्यार्थ्यांची वृत्ती ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

पहिले दोन आठवडे वेळापत्रक जुळवण्यातच गेले. भेटलो तेव्हाही एमबीबीएसची मुले बोलत आणि आम्ही लिहून घेत असू.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या गटाकडे पक्षाघाताचे एक रुग्ण आले. वय ५८, व्यवसाय शेती, उजवी बाजू लुळी, गिळायला त्रास आणि नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब. सकाळच्या औषधांच्या वेळी मी नेहमीप्रमाणे सगळ्या गोळ्या खलात कुटायला घेतल्या, तेव्हा फार्म.डी.च्या मुलीने मला थांबवले. पँटोप्रॅझोल या आम्लता कमी करणाऱ्या औषधाच्या गोळीवर जे आवरण असते, ते औषध जठरातल्या आम्लात नष्ट होऊ नये म्हणूनच दिलेले असते, त्यामुळे ती कुटली की तिचा उपयोगच राहत नाही, असे तिने समजावले. मी दोन वर्षे ती गोळी कुटत आलो होतो. गोळी लिहून देणाऱ्यांच्या बाजूने आमच्यात असलेल्या एमबीबीएसच्या मुलाला तर गोळ्या कुटून ट्यूबमधून जातात, हेच त्या दिवशी प्रथम कळले. हे सांगितल्यावर वरिष्ठ डॉक्टरांनी ते औषध इंजेक्शनने देण्याची सूचना लिहिली.

दुसऱ्या दिवशी काकांना खुर्चीत बसवताना मी आणि वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलले. लुळ्या बाजूचे स्नायू सैल पडल्यामुळे खांद्याचा सांधा नीट धरलेला नसतो आणि अशा ओढण्याने तो खाली सरकून कायमचे दुखणे मागे लागू शकते, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सांगितले. मला राग आला. तो बरोबर होता म्हणूनच जास्त आला.

चार दिवसांनी माझी पाळी आली. ट्यूब काढण्याची चर्चा चालू असताना काकांनी पाणी मागितले आणि घशाला स्पर्श केल्यावर ओकारीची उबळ येते, म्हणजे गिळता येत असणारच, असे म्हणत एमबीबीएसच्या मुलाने पेला उचलला. मी त्याला थांबवले. अशी उबळ येणे आणि सुरक्षित गिळता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी रुग्णाला ताठ बसवून चमच्याने थोडे पाणी द्यायचे, खोकला येतो का आणि आवाज ओलसर होतो का ते पाहायचे, आणि खोकला आला नाही तरी पाणी श्वासनलिकेत जात असू शकते, हे आम्हाला शिकवलेले होते. त्याने पेला खाली ठेवला आणि चाचणी मला करायला सांगितली. दुसऱ्याच चमच्याला काकांचा आवाज बदलला, त्यामुळे ट्यूब तशीच ठेवावी लागली. गिळण्याचा विषय मुळात ज्यांचा, ते स्पीच थेरपिस्ट आमच्या कोणत्याच गटात नव्हते, ही या उपक्रमाची मला दिसलेली सर्वात मोठी उणीव.

शेवटच्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरली. सतराव्या विधानापुढे या वेळी मी ‘असहमत’ लिहिले. आपली व्यावसायिक भूमिका काय असेल याची खात्री नाही, या अठराव्या विधानापुढे पहिल्या दिवशी मी ठामपणे ‘असहमत’ म्हटले होते. आता तेथे ‘अनिश्चित’ अशी खूण केली. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, की येथे तर तुझे गुण कमी झाले, असे का? गोळ्या देणे हे पूर्णपणे माझे काम आहे असे तेव्हा वाटत होते, आता तसे वाटत नाही, एवढेच मला सांगता आले.

पुढच्या सोमवारी सकाळी ड्यूटीवर एका नव्या रुग्णाच्या गोळ्या कुटण्याआधी मी त्यांची यादी घेऊन तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या औषधालयात गेलो. खिडकीपाशी माझ्या पुढे सात जण रांगेत होते.