भातलावणीतला निरोप

आत्या आज पुन्हा म्हणाली, "लई रडल्या आसतील की गं बाया, तू निघताना." मी भाकरी मोडत राहिले. उत्तर दिलं नाही, पण दिवसभर डोक्यात तेच.

नाही रडल्या. कुणीच नाही. नेपाळात चितवनला बायांचा साक्षरता वर्ग घ्यायला गेले होते. तिथे असार महिन्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत, लावणी लागते. असार १५ ला दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खाऊन सगळं गाव चिखलात उतरतं, आणि मी निघाले ते नेमकी त्याच दिवसांत. कपाळाला टिका लावला, झेंडूची माळ घातली, आणि बाया परत खाचरात. वर्गातली एक आमा, नेपाळीत आई, तेवढी घुटमळली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. तर म्हणाली, "उब्रेका कापी छोडेर जानुस् है." उरलेल्या वह्या ठेवून जा, बस. नारायणगढहून सुनौलीच्या बसमध्ये बसले आणि सीमा येईपर्यंत एकटीच रडत होते.

मला नक्की काय हवं होतं? गळ्यात पडून रडायला हवं होतं त्यांनी? इतके महिने संध्याकाळी त्यांच्यासोबत त्या आमा समूहाच्या, म्हणजे आयांच्या गटाच्या, खोलीत बसले, डास, वीज गेलेली, मांडीवर कुणाचं तरी पोर. घरी काय काय सोडून गेले होते. ते जाऊ दे.

जाताना इथे सत्कार झाला होता. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, सावित्रीबाईंचं नाव राख, म्हणाले. तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्यावर आज नको लिहायला.

तिथली अक्षरं आपलीच, ळ तेवढा नाही. फळ्यावर साल मात्र तिथल्या विक्रम संवताप्रमाणे २०८२ लिहायचं. अक्षर मी गिरवून घ्यायचे, शब्द त्या सांगायच्या, माझे उच्चार त्याच सुधारायच्या. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे नेपाळात ८३.६ टक्के पुरुष साक्षर आहेत आणि ६९.४ टक्के बायका. हे आकडे मी इथूनच पाठ करून गेले होते. तिथे त्या मागे राहिलेल्या बाया समोर बसलेल्या होत्या, आणि प्रत्येकीला वेगळंच काही वाचायचं होतं. एकीचा नवरा कतारला. पैसे आले की मोबाइलवर नंबर येतो, तो काउंटरवर सांगायचा, नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, दाखवायची, मग रक्कम हातात. तो नंबर वाचायला ती भाच्याला घेऊन जायची, आणि किती पैसे आले ते संध्याकाळपर्यंत सगळ्या टोलाला, वस्तीला, कळायचं. तिला क, ख, ग नकोच होते. आधी आकडे शिकवा, म्हणाली. आकडे आल्यावर ती एकटी गेली आणि किती आले ते कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही!

तरी मन परत तिथेच येतं. "परत कधी येणार" एवढं तरी विचारायचं होतं कुणीतरी.

दुपारी आजीची ट्रंक आवरताना तिची पोथी हाताला लागली. आजी ग्रामशिक्षण मोहिमेत शिकली. १९५९ मध्ये ती मोहीम आपल्याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. जेवणं उरकल्यावर कंदिलाच्या उजेडात वर्ग. आजोबा मुंबईला माथाडीत. त्यांचं पत्र पोस्टमनकडून वाचून घ्यायचं नाही, एवढ्यासाठी आजी जायची. शिकवलं कुणी, असं मी एकदा विचारलं होतं. "हुतं कुणीतरी मास्तर." बास. नाव नाही, गाव नाही. लावणीच्या दिवसांत तो मास्तर निघाला असेल तर जावळीतल्या कुठल्या बाईला बांधावर येऊन रडायला सवड होती?

त्या मास्तरचं मला आज पहिल्यांदा वाईट वाटलं. आजीचा राग मात्र आला नाही.

आजीच्या जोडीच्या कितीतरी बाया पुढे पुन्हा अंगठ्यावर आल्या. मोहीम सरली, वर्ग बंद पडले, घरात वाचायला कागद नाही, लिहायला पेन्सिल नाही. आलेली अक्षरं गेली. आजीची राहिली ती पत्रांमुळे, नंतर पोथीमुळे. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी आमाने वह्या मागितल्या तेव्हा मला त्यात फक्त माझा अपमान दिसला. तिने बरोबर तेच मागितलं होतं, जे आजीच्या मैत्रिणींना कुणी दिलं नाही.

दुखतंय अजून, खोटं कशाला लिहू. पण आता दुसरीच धाकधूक जास्त आहे. लावणीला वर्ग बंद आहे. मधल्या काळात हाताची सवय मोडते, आणि जोडाक्षरं तर अर्ध्यावरच होती. तिथली शिकवणारी बहिनी, धाकट्या बहिणीला तसं म्हणतात तिथे, हुशार आहे, पण तिच्याही घरचं शेत आहे. रविवारी तिला फोन लावते. माझी आठवण काढतात का, हे विचारायचं नाही. वर्ग कधी सुरू होतोय, वह्या पुरतील का, आणि कतारवालीला पावतीवरचं नाव वाचता येतं का, एवढं विचारते.