चिलटाच्या पंखावरचा नकाशा

क्युलिकॉइड्स वंशातील चिलटे जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर लांबीची असतात, आणि तरीही त्यांच्या 1,300 हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील काही जातींच्या माद्या रक्त शोषताना मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा रोगाचे विषाणू पसरवतात. म्हणून सापळ्यात सापडलेले चिलट नेमके कोणते, हे ठरवणे मला फार मोलाचे काम वाटते.

ही ओळख मी पंखावरील ठिपक्यांच्या छायाचित्रावरून करतो. छायाचित्र घेताना पंख पूर्ण सपाट पसरलेला असावा, कारण एखादी घडी पडली तरी तिची सावली गडद ठिपक्यासारखी दिसते आणि ओळख चुकते. मी सर्वप्रथम पंखाच्या पुढच्या कडेजवळचे दोन छोटे अरीय कोश, म्हणजे शिरांनी वेढलेले कप्पे, पाहतो. दुसऱ्या कोशाचे टोक फिकट ठिपक्यात येते की संपूर्ण कोश गडद राहतो, एवढ्या एका खुणेवरून पुष्कळ जाती बाजूला काढता येतात. त्यानंतर उरलेल्या ठिपक्यांचा आकार, त्यांचे शिरांशी असलेले नाते आणि पंखावरील केसांची दाटी पाहावी. (प्रकाश खालून सोडला तर शिरा स्पष्ट होतात, पण ठिपके फिके पडतात, म्हणून दोन्ही प्रकारची छायाचित्रे मी जपून ठेवतो.)

मात्र ऑब्सोलेटस आणि स्कॉटिकस या जातींच्या माद्यांचे पंख इतके सारखे असतात की तेथे केवळ छायाचित्रावर विसंबून जातीचे नाव लिहिणे मला अयोग्य वाटते. अशा नमुन्यावर गटाचेच, म्हणजे या सारख्या दिसणाऱ्या जातींच्या समूहाचेच, नाव लिहावे आणि उरलेले शरीर डीएनए तपासणीसाठी अल्कोहोलमध्ये राखून ठेवावे.